चूल आपली, मीठ शेजारचे



दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण ‘बांडगूळ’ म्हणतो. आंब्याच्या फांदीवर वाढणाऱ्या वनस्पतीचे हे नाव एकदा शिव्यांच्या कोशात गेले, आणि मग त्या वनस्पतीची बाजू ऐकून घेण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली. वस्तुतः बांडगुळाला चांगली हिरवी पाने असतात. ज्याला हिरवी पाने आहेत, त्याला सूर्यप्रकाशात आपले अन्न आपण तयार करता येते. बांडगूळ आंब्याकडून मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेते, आणि स्वयंपाक बहुतांशी आपल्याच घरी करते. याच्या उलट अमरवेल पाहा. पिवळ्या दोऱ्यांचा तो गुंता; त्याला धड पान नाही, आणि एकदा झुडुपावर चढल्यावर जमिनीशी काही संबंधही उरत नाही. अमरवेलीच्या घरी चूल जवळजवळ पेटतच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ बांडगुळासारख्या वनस्पतींना अर्धपरोपजीवी म्हणतात आणि अमरवेलीसारख्यांना पूर्णपरोपजीवी.

अर्धपरोपजीवी म्हटले की नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याचे गंध उगाळून आपण देवाला लावतो, तो चंदनही त्याच पंगतीतला. चंदनाची मुळे जमिनीखाली शेजारच्या झाडाझुडुपांच्या मुळांना जाऊन बिलगतात आणि त्यांच्यातून रस ओढतात. मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांनी १९०६-०७ च्या सुमारास या मुळांचा बारकाईने अभ्यास करून ती रचना उघड केली. चंदनाचे रोप एकटे लावले तर ते खुरटते, ही गोष्ट आज प्रत्येक रोपवाटिकेत ठाऊक आहे.

आज ज्या वनस्पतींविषयी बोलावयाचे आहे, त्या चंदनाप्रमाणेच जमिनीखालून देणेघेणे करणाऱ्या आहेत. परंतु त्यांचे घर दक्षिणेच्या उष्ण वनांत नसून पृथ्वीच्या उत्तर टोकाला आहे. या प्रजातीचे शास्त्रीय नाव पेडिक्युलॅरिस. तिच्या सहाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक चीनच्या, विशेषतः त्याच्या नैर्ऋत्येकडील, पर्वतांत सापडतात. परंतु तिचे खरे धाडस पाहावयाचे तर उत्तर ध्रुववृत्ताच्या आत गेले पाहिजे. ग्रीनलँड, अलास्का, कॅनडाची उत्तरेकडील बेटे, स्वालबार्ड, सायबेरियाचा किनारा, जेथे एकही उंच झाड उभे राहू शकत नाही, तेथे ही वीतभर उंचीची वनस्पती उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत गुलाबी, पिवळी, जांभळी फुले फुलवते. तिची पाने नेच्याच्या पानांसारखी कातरलेली असतात. फुलाला दोन ओठ असतात: खालचा ओठ पसरट, पाहुण्याला उतरण्यासाठी अंथरलेल्या सतरंजीसारखा, आणि वरचा टोपीसारखा वाकलेला, पराग झाकून ठेवणारा.

इतक्या देखण्या वनस्पतीचे नाव मात्र कोणा वैऱ्याने ठेवले असावे असे वाटते. लॅटिन भाषेत ‘पेडिक्युलस’ म्हणजे ऊ. ज्या कुरणात ही वनस्पती उगवते तेथे चरणाऱ्या गुरामेंढरांना उवा होतात, अशी युरोपातील शेतकऱ्यांची जुनी समजूत होती. इंग्रजी भाषेतही तिचे नाव उवांवरूनच पडले. स्वीडनचा महान वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७३२ साली लॅपलँडचा प्रवास केला, तेव्हा या प्रजातीच्या अनेक जाती त्याने तेथे पाहिल्या; आणि १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे नाव शास्त्रात कायमचे नोंदवून टाकले. समजुतीचा उगम बहुधा साधा असावा. ओलसर, निकस जमिनीत या वनस्पती पुष्कळ वाढतात. अशा कुरणावर चरणारी जनावरे अशक्त राहतात, आणि अशक्त जनावराच्या अंगावर उवा लवकर पडतात. म्हणजे ही वनस्पती गुन्ह्याच्या जागी हजर असलेली साक्षीदार होती. लोकांनी तिलाच आरोपी केले.

गंमत अशी, की जो आरोप खरा होता तो मात्र शेकडो वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. हिरवीगार पाने, जमिनीत रोवलेली मुळे, वर डुलणारी फुले. एवढ्या सरळ दिसणाऱ्या वनस्पतीवर संशय कोण घेणार? १८४७ साली फ्रान्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ देकेन याने या गटातील वनस्पतींच्या मुळांचे परोपजीवित्व दाखवून दिले. पुढे ऑस्ट्रियातील एमिल हाइनरिखर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे अशा वनस्पती यजमान वनस्पतींसह आणि त्यांच्यावाचून वाढवून पाहिल्या, आणि कोणाचे कोणावाचून किती अडते याचा हिशेब मांडला. रानातून उपटून बागेत आणलेले पेडिक्युलॅरिसचे रोप का टिकत नाही, या माळ्यांच्या जुन्या कोड्याचे उत्तर त्यातून मिळाले. रोपाबरोबर त्याचा शेजार आणलेला नसतो!

हे देणेघेणे चालते कसे, ते थोडक्यात पाहू. पेडिक्युलॅरिसचे मूळ गवताच्या किंवा झुडुपाच्या मुळाजवळ आले, की त्यावर एक लहानशी गाठ फुगते. तिला शोषक म्हणतात. ही गाठ शेजारच्या मुळाला चिकटते, तिच्यातील पेशी त्याच्या सालीतून आत शिरतात आणि थेट त्याच्या जलवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. दोन घरांच्या नळांना मधून जोड द्यावा तसा हा प्रकार. आता पाणी इकडून तिकडे वाहावे यासाठी पंप कोठला? तो पानांत आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि मुळांकडून नवे पाणी वर ओढले जाते. अर्धपरोपजीवी वनस्पती आपली रंध्रे शेजाऱ्यांपेक्षा अधिक सैल हाताने उघडी ठेवतात. त्यांच्या पानांतून पाणी जास्त उडते, म्हणून जोडलेल्या नळातील पाणी त्यांच्याच बाजूला धावते. आणि त्या पाण्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश व थोडी तयार साखरही येते.

ध्रुवप्रदेशातच हा उद्योग इतका फलदायी का व्हावा? थंडी हे त्याचे उत्तर आहे. पण अंगाला झोंबणारी थंडी नव्हे, तर जमिनीत शिरलेली. तेथील जमीन काही वीत किंवा फार तर हात-दोन हात खोलीपर्यंतच उन्हाळ्यात वितळते. त्याखाली ती बारमाही गोठलेली असते. अशा जमिनीत पाने, मुळे, काड्या कुजण्यास वर्षानुवर्षे लागतात. आपल्याकडे ज्येष्ठात पडलेले पान भाद्रपदापर्यंत मातीमोल होते. तिकडे ते कित्येक हिवाळे तसेच पडून राहते, आणि त्यातील नत्र त्याच्यातच कोंडलेले राहते. उलट उजेडाला तोटा नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. प्रकाश चोवीस तास फुकट, परंतु नत्र दुर्मिळ, अशी ही विचित्र बाजारपेठ आहे. अशा ठिकाणी शहाणा गृहस्थ काय करील? चूल आपली ठेवील आणि मीठ शेजाऱ्याकडून आणील. पेडिक्युलॅरिसने हेच केले. पाने हिरवी ठेवली, कारण प्रकाश भरपूर. आणि मुळे शेजारी नेऊन जोडली, कारण क्षार थोडे.

शेजारी निवडण्यात ती फारशी चोखंदळ नाही. गवत, लव्हाळ्याच्या जातीची तृणे, जमिनीसरपट वाढणारी वाळुंजाच्या गोत्रातील बुटकी झुडुपे, यांपैकी जो जवळ असेल तो चालतो. स्वालबार्डमध्ये केसाळ फुलांची एक जाती आहे, पेडिक्युलॅरिस दॅसिअँथा. ती मुख्यतः ड्रायस नावाच्या पांढऱ्या फुलांच्या झुडुपाच्या आश्रयाने राहते. मात्र यजमानाचे काहीच बिघडत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ज्याच्या मुळाला शोषक लागला त्याची वाढ काही प्रमाणात खुंटते.

आता जमिनीवर येऊ. ध्रुवप्रदेशातील लोकरी पेडिक्युलॅरिस, शास्त्रीय नाव पेडिक्युलॅरिस लॅनाटा, ही बर्फ वितळताच फुलणाऱ्यांपैकी एक. तिचा फुलोरा पांढऱ्या लवीने असा गुरफटलेला असतो की जणू कोणी लोकरीची बंडी चढवली आहे. त्या लवीत उन्हाची ऊब अडकते आणि आतील कळ्यांना बाहेरच्या हवेपेक्षा सुखाचे वातावरण मिळते. तिचे पिवळे, जाड मूळ इन्यूट लोक कच्चे किंवा उकडून खात आले आहेत, आणि फुलांतील मधाचा थेंब चोखणे हा तेथील मुलांचा उन्हाळी खेळ. आपल्याकडची मुले रुग्मिणीचे फूल चोखतात, तशातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

त्याच मधासाठी येतात ते केसाळ, जाडजूड भुंगे, ज्यांना इंग्रजीत बंबल-बी म्हणतात. हिवाळाभर जमिनीत निजलेली त्यांची राणी वसंतात एकटी बाहेर पडते, आणि तिला ताबडतोब मध व पराग हवे असतात. कॅनडाच्या एल्समियर बेटावर, उत्तर ध्रुवापासून अवघ्या नऊ-दहाशे किलोमीटरांवर, पीटर केव्हन या संशोधकाने केलेला परागणाचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या उत्तरेलाही पेडिक्युलॅरिसच्या फुलांवर हे भुंगे येतात असे त्यात दिसून आले. भुंग्यांवाचून ज्यांचे अडले त्यांनी दुसरा मार्ग शोधला आहे. स्वालबार्डमध्ये असे भुंगे वस्तीला नाहीत. तेथे या फुलांत स्वतःच्याच परागांनी बी धरते.

या प्रजातीतील फुलांच्या आकारांविषयी स्वतंत्र भाषण देता येईल. एकच उदाहरण सांगतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांतील पाणथळ कुरणांत पेडिक्युलॅरिस ग्रोएनलँडिका नावाची जाती उगवते. तिच्या प्रत्येक फुलाचा वरचा ओठ लांब होऊन सोंडेसारखा वळलेला असतो आणि खालच्या ओठाच्या बाजूच्या दोन पाकळ्या सुपासारख्या कानांप्रमाणे पसरलेल्या असतात. एका दांड्यावर अशी पन्नासएक गुलाबी गजमुखे दाटीने बसलेली! तेथील लोक तिला हत्तीचे डोकेच म्हणतात. आपल्याकडील कोणी पाहिली तर दोन्ही हात आपोआप जोडले जातील. ही सोंड शोभेची नाही. या फुलात मध नसतो, पराग असतात. आणि ते टोपीत बंद असतात. भुंगा फुलाला धरून आपले स्नायू वेगाने थरथरवतो, त्या कंपनाने पराग खाली झडतात, आणि त्याच वेळी सोंडेच्या टोकाशी असलेले किंजल्क त्याच्या अंगावरील आधीच्या फुलाचे पराग टिपून घेते. अमेरिकेतील संशोधक वॉल्टर मेसियर यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे या प्रजातीची फुले आणि भुंगे यांच्या अभ्यासात घालवली, आणि त्यासाठी ते हिमालयापर्यंत आले.

हिमालयापर्यंत येण्याचे कारणही तसेच आहे. पिवळ्या फुलांची, टोपीच्या टोकावर तांबूस छटा असलेली पेडिक्युलॅरिस ओएडेरी ही जाती ध्रुवप्रदेशात आहे, आल्प्समध्ये आहे आणि हिमालयातही आहे. उत्तराखंडातील प्रसिद्ध फुलांच्या दरीत या प्रजातीच्या अनेक जाती श्रावणभाद्रपदात फुलतात. दक्षिणेस निलगिरीच्या माथ्यावरील गवताळ पठारांवरही तिच्या एकदोन जाती आहेत. म्हणजे ध्रुवाची ही रहिवासी आपल्या देशाला परकी नाही.

तिचे गोत्र तर आपल्या आणखी जवळचे आहे. पूर्वी हिरव्या पानांच्या या प्रजातीला नीरब्राह्मीच्या कुलात घालीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेशींतील डीएनएची तुलना करण्यात आली, तेव्हा तिचे खरे नाते बंबाखूशी आहे असे ठरले आणि तिला त्या कुलात हलवण्यात आले. निपाणीकडील तंबाखूच्या शेतकऱ्यास बंबाखू म्हणजे काय ते सांगावयास नको. तंबाखूच्या बुडातून पानावाचून वर येणारा तो फिकट कोंब पाहिला, की पीक हातचे गेल्याची धास्ती पडते. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुलाही याच कुलातला. त्याला हिरवी पाने असली तरी ज्वारीचे ताट सुकवण्यात तो मागे नाही. टारफुल्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते, आणि पिकाच्या मुळातून पाझरणाऱ्या एका द्रव्याची चाहूल लागली की मगच रुजते. असे पहिले द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ साली ओळखण्यात आले.

एकाच कुलातील एक भावंड शेत उजाड करते आणि दुसरे ओसाड प्रदेशाची शोभा होते, हे कसे? मला वाटते, फरक जितका वनस्पतींत आहे तितकाच शेजारात आहे. आपले शेत म्हणजे एकाच जातीच्या लाखो मुळांची रांग. तेथे उसनवारीला मर्यादा राहत नाही. एक दार उघडले की सगळी दारे उघडी. रानातील कुरणात शेजारी अनेक असतात, बोजा वाटला जातो, आणि जो शेजारी फार माजला आहे त्याच्याचकडून बहुधा अधिक घेतले जाते. तेवढ्याने दुबळ्या वनस्पतींना डोके वर काढण्यास जागा मिळते. इंग्लंडमध्ये याच कुलातील रायनँथस नावाची वनस्पती मुद्दाम पेरतात. ती दांडग्या गवताचा जोर कमी करते, आणि कुरणात पुन्हा नाना तऱ्हेची रानफुले दिसू लागतात.

ध्रुवप्रदेशात तर ती उसने घेतलेले परतही करते. स्वीडनच्या उत्तरेस आबिस्को येथे हेलन क्वेस्टेड व त्यांचे सहकारी यांनी पेडिक्युलॅरिसची चुलतबहीण शोभणाऱ्या बार्टसिया या वनस्पतीच्या गळलेल्या पानांचा अभ्यास केला. तो २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. अर्धपरोपजीवी वनस्पतींच्या पानांत नत्र भरपूर असते, आणि पाने गळतानाही त्यातील बरेच पानांतच राहते. म्हणून ती पाने शेजाऱ्यांच्या पानांपेक्षा लवकर कुजतात. जे नत्र चिवट झुडुपांच्या मुळांत आणि पानांत वर्षानुवर्षे अडकून पडले असते, ते अशा रीतीने जमिनीत लवकर परत येते आणि आजूबाजूच्या रोपांना मिळते. कंजूषांच्या गावात एखादाच उधळ्या असावा आणि बाजार त्याच्यामुळे चालावा, तशी ही गोष्ट आहे.

अशा वनस्पतीची किंमत माणसाला कधी कळते का? एका प्रसंगी कळली. हा प्रसंग ध्रुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस, अमेरिकेच्या मेन राज्यात घडला. तेथे सेंट जॉन नदीच्या काठी केट फर्बिश या वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या बाईंना १८८० साली एक अनोळखी पेडिक्युलॅरिस आढळली. दोन वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिला बाईंचेच नाव दिले. पुढे ती नामशेष झाली असे धरण्यात आले. १९७६ साली त्याच नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना चालू असताना पाहणी झाली, आणि चार्ल्स रिचर्ड्स या वनस्पतिशास्त्रज्ञांना ती पुन्हा सापडली. १९७८ साली तिला कायद्याने संरक्षण मिळाले. कोट्यवधी डॉलरांच्या धरणापुढे उवांच्या नावाचे एक झाड उभे राहते, याची वर्तमानपत्रांतून पुष्कळ थट्टा झाली. धरण अखेर झाले नाही. खर्च, बुडणारे अरण्य अशी त्याची इतरही कारणे होती. परंतु या वनस्पतीचे नाव त्या वादात कायमचे गुंतले.

तिला उपटून दुसरीकडे लावता आले असते, असे कोणी म्हणेल. ते इतके सोपे नाही. तिला शेजारी हवेत, परागासाठी भुंगे हवेत, आणि शिवाय नदीतील बर्फही हवे. वसंतात फुटलेले बर्फाचे तुकडे काठ खरवडून नेतात, झुडुपे साफ करतात, आणि त्या मोकळ्या जागेत तिचे बी रुजते. खरवड फार झाली तर ती स्वतःच वाहून जाते. अजिबात झाली नाही तर झुडुपांच्या सावलीत गुदमरते. २०२३ साली तिचा दर्जा अतिसंकटग्रस्त यादीतून एक पायरी सौम्य करण्यात आला, ही समाधानाची गोष्ट. परंतु नदीच्या बर्फाचे वेळापत्रक आता बदलत आहे.

तेच संकट मोठ्या प्रमाणावर ध्रुवप्रदेशावर आहे. १९७९ पासूनच्या नोंदी पाहता तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. ऊब वाढली की कुजणे वाढते, नत्र मोकळे होते, आणि उंच झुडुपे उत्तरेकडे सरकू लागतात. वीतभर उंचीच्या वनस्पतीला आजवर प्रकाशाची ददात नव्हती. पुढे तीच पडण्याचा संभव आहे. मीठ स्वस्त होईल, पण चूल विझेल, असा हा उलटा न्याय.

म्हणून या वनस्पतीचे रक्षण म्हणजे केवळ तिचे रक्षण नव्हे. एकट्या रोपाभोवती कुंपण घालून ती वाचणार नाही. तिचे गवत, तिचे बुटके वाळुंज, तिचा भुंगा, तिचे बर्फ आणि तिचा न मावळणारा सूर्य, हे सारे मिळून ती वनस्पती होते. शेजाऱ्याकडून मीठ नेणाऱ्याला हसणे सोपे आहे. परंतु ज्या गावात मीठ देणारा शेजारीच उरला नाही, त्या गावात चुली फार दिवस पेटत नाहीत.